पंधरा वर्षे, आठ महिने

(युवक-पालक स्नेहमेळाव्यातील भाषणाचे शब्दांकन)



हुतात्म्यांविषयी बोलताना वक्त्याचा आवाज नकळत चढतो. आज मी तो थोडा खालीच ठेवणार आहे, कारण ज्याच्याविषयी बोलायचे आहे तो शाळकरी मुलगा होता. नंदुरबारचा शिरीषकुमार मेहता. जन्म २८ डिसेंबर १९२६, मृत्यू ९ सप्टेंबर १९४२. वजाबाकी करून पाहा. पंधरा वर्षे, आठ महिने आणि वर काही दिवस. आपल्यापैकी अनेकांच्या घरी आज या वयाचा मुलगा आहे. तो शिकवणीहून परतायला अर्धा तास उशीर झाला, तर आपण दारात येऊन उभे राहतो.

नंदुरबार आज जिल्ह्याचे ठिकाण आहे. तेव्हा ते पश्चिम खानदेशातील एक लहानसे गाव होते. सुरत-भुसावळ लोहमार्गावरचे, गुजराती मुलखाला लागून असलेले. पेठेत गुजराती, घराघरांत मराठी आणि अहिराणी, बाजाराच्या दिवशी डोंगरातून उतरलेल्या भिल्ल बांधवांची बोली. शिरीषचे घर गुजराती भाषक व्यापाऱ्याचे.

९ ऑगस्ट १९४२ रोजी पहाटे मुंबईत काँग्रेसचे नेते पकडले गेले. वडीलधारे तुरुंगात गेल्यावर आंदोलन गावोगावच्या विद्यार्थ्यांच्या हाती आले. बरोबर एक महिन्याने नंदुरबारच्या मुलांनी फेरी काढली. हाती तिरंगा होता. मध्यभागी अशोकचक्र नव्हे, तर चरखा असलेला. ओठांवरची घोषणा गुजराती होती. पोलिसांनी वाट अडविली, लाठ्या चालविल्या. मुले हटली नाहीत. फेरीतील मुलींच्या दिशेने बंदूक रोखलेली पाहून शिरीष पुढे झाला आणि ‘मारायचे तर मला मारा’ अशा अर्थाचे काही बोलला, असे नंदुरबारची जुनी माणसे सांगत आली. शब्द सांगणाऱ्यागणिक बदलतात. तो पुढे झाला, हे मात्र बदलत नाही. त्याला गोळ्या लागल्या आणि तो तेथेच कोसळला.

शिवाजी जन्मावा, पण शेजारच्या घरात, असे आपण हसत हसत म्हणतो. त्या दिवशी नंदुरबारमध्ये ते शेजारचे घर कोणाचे तरी स्वतःचे घर होते. सकाळी गेलेला मुलगा त्या घरी परतला नाही. आपण या प्रसंगावर नाटिका बसवितो, वेशभूषा स्पर्धेत एखाद्या चिमुरड्याला टोपी घालून उभे करतो, टाळ्या वाजवितो. त्यात गैर काही नाही. मात्र त्या आईने पुढची दिवाळी कशी काढली असेल, हा प्रश्न कोणत्याही नाटिकेत येत नाही. मला तो टाळवत नाही. मीही बाप आहे.

स्वातंत्र्य मिळाले तेव्हा शिरीष अवघा वीस वर्षांचा असता. एकविसाव्या वर्षी मताधिकार मिळण्याचा तो काळ. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत त्याने रांगेत उभे राहून मत दिले असते. कदाचित पेढीवर बसला असता, कदाचित शिक्षक झाला असता, नातवंडांना शाळेत सोडायला गेला असता. हे सगळे सामान्य आयुष्य त्याने दिले. बलिदान म्हणताना आपल्या डोळ्यांसमोर केवळ तो एक क्षण येतो. पुढची न जगलेली पन्नास-साठ वर्षे येत नाहीत. २८ डिसेंबर २०२६ हा त्याच्या जन्माला शंभर वर्षे पूर्ण होण्याचा दिवस. त्या दिवशी कार्यक्रम होतील, व्हावेतही.

आणखी एक गोष्ट सांगतो, थोडी बोचणारी आहे. त्या गोळीबारात शिरीष एकटाच गेला नाही. त्याच्यासह पाच जण गेले. उरलेल्या चौघांची नावे सांगा, असे मी ठिकठिकाणी विचारतो. खानदेशातसुद्धा बहुधा सभा गप्प होते. नावे नीट ऐका, म्हणजे ते गाव कसे होते तेही कळेल. घरी गेल्यावर मुलांना ती पाचही सांगा.

शिरीषकुमार मेहता. लालदास शहा. धनसुखलाल वाणी. शशिधर केतकर. घनश्यामदास शहा.