पाण्यातला तोल

मेंदू आणि मज्जासंस्थेच्या रोगांवर उपचार करणारी ‘निम्हान्स’ ही संस्था बंगळुरूमध्ये 1974 साली स्थापन झाली. तेव्हापासून पक्षाघाताने, मज्जारज्जूच्या दुखापतीने किंवा कंपवाताने जखडलेले रुग्ण दूरदूरच्या गावांहून या शहराकडे येत राहिले आहेत. जीव वाचतो, पुढे काय, हा प्रश्न आप्तांपुढे उभा राहतो तो त्यानंतर. उभे राहणे, वळणे, पाऊल टाकणे हे सारे अशा माणसाला नव्याने शिकावे लागते, आणि शिकायचे म्हणजे चुकणे आलेच. जमिनीवर मात्र चुकणे म्हणजे पडणे होय. एकदा पडलेला वृद्ध पुढे हाडाच्या दुखण्यापेक्षा भीतीनेच अंथरुणाला खिळतो. जलोपचाराचे महत्त्व नेमके येथे आहे. पाण्यात तोल गेलेला माणूस आपटत नाही, सावकाश कलंडतो. आणि स्वतःला सावरण्यास त्याला अवधी मिळतो.

यात चमत्कार काही नाही. कमरेपर्यंत पाण्यात उभ्या असलेल्या माणसाच्या पायांवर त्याच्या वजनाचा सुमारे निम्मा भार येतो, छातीपर्यंतच्या पाण्यात एकतृतीयांश, आणि मानेपर्यंतच्या पाण्यात जेमतेम एकदशांश. जमिनीवर जो पाय शरीर पेलू शकत नाही, तो येथे पेलतो. पाणी 33 ते 35 अंश सेल्सियस इतके उबदार असेल तर ताठरलेले स्नायूही काही काळ सैल पडतात.

परंतु रुग्णाला नुसते पाण्यात उतरवणे म्हणजे उपचार नव्हे. लंडनमधील हॅलिविक शाळेतील अपंग मुलींना 1949 सालापासून पोहणे शिकवणारे जेम्स मॅकमिलन हे मुळात द्रवांच्या गतीचे अभियंते होते. आपल्याकडे विहिरीत पोहायला शिकणाऱ्या मुलाच्या पाठीला भोपळा किंवा रिकामा डबा बांधतात. मॅकमिलन यांनी असा कोणताही आधार नाकारला. पक्षाघाताने शरीराच्या दोन बाजू सारख्या राहत नाहीत, त्यामुळे उताणे तरंगू पाहणारा रुग्ण एका कुशीकडे वळतो. हे वळणे डोक्याच्या आणि हाताच्या लहानशा हालचालीने थांबवणे, हाच या पद्धतीचा गाभा. डबा बांधला की शिकण्याचे कारणच नाहीसे होते. शिक्षक सोबत असतो, पण त्याचा हात हळूहळू दूर होत जातो. अखेरीस तो रुग्णाला स्पर्शही करत नाही. त्याच्या आसपास पाणी ढवळून भोवरे निर्माण करतो आणि रुग्णाने त्यात स्थिर राहायचे असते. आयुष्यात कधी नदीतही न उतरलेल्या प्रौढाला, पाणी आपल्याला बुडवण्याऐवजी वर ढकलते हे पटवण्यातच पहिले काही दिवस जातात, आणि ते वाया गेले असे मानू नये.

सगळ्यांना एकच पाणी मानवते असेही नाही. शरीर तापले की मल्टिपल स्क्लेरोसिसच्या रुग्णाची लक्षणे तात्पुरती बळावतात; श्रमानंतर अशा रुग्णाची दृष्टी तात्पुरती मंदावते, असे जर्मन नेत्रतज्ज्ञ उथॉफ यांनी 1890 सालीच नोंदवले होते. अशा रुग्णाला तुलनेने थंड पाणी लागते. पाण्याचा दाब छातीवर येत असल्याने श्वासाचे स्नायू दुबळे झालेल्या रुग्णाला खोल पाण्यात नेणे धोक्याचे असते. आटोक्यात न आलेली अपस्मार, उघडी जखम, पाण्याखाली येणारी श्वासनलिका ही तर सरळ मनाईची कारणे होत.

पुराव्यांच्या बाबतीतही अतिशयोक्ती नको. पक्षाघातानंतरच्या जलव्यायामांवरील प्रयोगांचा 2011 साली कॉक्रेन संस्थेने आढावा घेतला, तेव्हा निकषांत बसणारे प्रयोग अवघे चार आणि त्यांतील रुग्ण 94 निघाले. दैनंदिन व्यवहार सुधारतात असे म्हणण्यास तेवढे पुरेसे नव्हते. म्हणून जलोपचार हा जमिनीवरील व्यायामाला पर्याय न मानता त्याची पूर्वतयारी मानणेच शहाणपणाचे ठरते.

बंगळुरूला आणखी एक अडचण आहे. समुद्रसपाटीपासून 900 मीटरांहून अधिक उंचीवर असलेल्या या शहरात उघडा तलाव वर्षभर आपोआप कोमट राहत नाही. शिवाय कावेरीचे पाणी सुमारे 100 किलोमीटरवरून पंपांनी चढवून आणावे लागते. मार्च 2024 मधील टंचाईत शहराच्या जलमंडळाने पोहण्याच्या तलावांसाठी पिण्यायोग्य पाणी वापरण्यास बंदी घातली. टंचाईच्या काळात ती योग्यच होती. तथापि 25 मीटर लांब, साडेबारा मीटर रुंद आणि दीड मीटर खोल तलावात साडेचार लाख लिटरांहून अधिक पाणी मावते. सहा मीटर लांब, चार मीटर रुंद आणि सव्वा मीटर खोल उपचाराच्या टाकीला तीस हजार लिटर पुरतात. ते गाळून, निर्जंतुक करून पुन्हा पुन्हा फिरवता येते, आणि रात्री टाकीवर आच्छादन घातले तर वाफ होऊन जाणारे पाणी व ऊब या दोहोंचीही पुष्कळ बचत होते.