करार वीस वर्षांचा, तर नियमही टिकाऊ हवेत





फाउंड्रीच्या खर्चात वीजबिलाचा वाटा केवढा, हे कोल्हापूरच्या या सभागृहात कुणा उद्योजकाला सांगायला नको. रात्रीचा दर सवलतीचा असायचा, म्हणून आपल्या इंडक्शन भट्ट्या वर्षानुवर्षे रात्री पेटल्या. आता आपण सौर प्रकल्प उभारतो, आणि तिथे वीज होते दिवसा. दुपारचे युनिट रात्रीच्या हीटला मिळणार का, मिळाले तर किती कापून, हे बँकिंगचा, म्हणजे तयार वीज ग्रिडकडे जमा ठेवून नंतर वापरण्याचा, नियम ठरवतो. पॅनेलच्या भावासाठी आठवडाभर घासाघीस करणारे आपण, तो नियम मात्र सल्लागारावर सोडून देतो.

२००३च्या वीज कायद्यानुसार स्वतःच्या वापरापुरती वीज तयार करायला परवाना लागत नाही, आणि अशा स्ववापराच्या, म्हणजे कॅप्टिव्ह, विजेवर क्रॉस-सबसिडी अधिभारही नाही. मात्र २००५च्या नियमांप्रमाणे प्रकल्पात वापरकर्त्यांची किमान २६ टक्के मालकी हवी आणि वर्षभरातली किमान ५१ टक्के वीज त्यांनीच वापरायला हवी. मंदीत पाळ्या बंद पडून वापर ५१च्या खाली गेला, तर त्या वर्षीच्या सगळ्याच विजेचा कॅप्टिव्ह दर्जा जातो. सामूहिक प्रकल्पात तर प्रत्येकाचा वापर मालकीच्या प्रमाणात बसावा लागतो. एकाचा वापर घटला, तर भुर्दंड कुणी सोसायचा, हे करारात आधीच लिहून घ्या.

नियमन नको, असे मी मुळीच म्हणत नाही. दाभोळ वीज प्रकल्पाचा वीजखरेदी करार १९९३ साली झाला तेव्हा महाराष्ट्रात वीज नियामक आयोगच नव्हता. तो आला १९९९मध्ये. २००१ साली राज्य वीज मंडळाने दाभोळची वीज घेणे थांबवले, आणि त्या कराराची किंमत राज्याने पुढे किती वर्षे मोजली, ते आपण सर्वांनी पाहिले आहे. जाहीर सुनावणी घेणारा, ग्राहकालाही बोलू देणारा आयोग आपल्याला हवाच.

आपले मागणे एवढेच, की प्रकल्प ज्या नियमांवर उभा राहिला, ते कर्ज फिटेपर्यंत तरी त्याला लागू राहावेत. कॅप्टिव्ह वापरकर्त्याला अतिरिक्त अधिभार लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली स्पष्ट केले. त्यासाठी जेएसडब्ल्यू स्टीलसारखी कंपनी दिल्लीपर्यंत लढू शकली. दोन भट्ट्यांच्या मालकाने तिथवर कसे जायचे?

दुपारच्या सत्रात वकील आणि वीज-लेखापरीक्षक आपल्यासोबत बसतील. ज्यांनी करार सोबत आणला आहे, त्यांनी जेवणाआधी नोंदणी कक्षात नाव द्यावे.