पट्टीवरची रेघ आणि पोटातली कळ



दिवस गेले की नाहीत हे पाहायला हल्ली लघवीच्या चाचणीची पट्टी मिळते. गावात आशाताईंकडेही ती असते. दोन रेघा उमटल्या तर दिवस गेले, एकच उमटली तर नाहीत, असे आपण धरून चालतो. पण एका दुखण्यात ही पट्टी चकवते आणि तो चकवा जिवावर बेततो.

गर्भ रुजायचा तो गर्भाशयात. पण शंभरांत एकदोन वेळा तो बाहेरच, बहुधा गर्भनलिकेत रुजतो. नलिका ती केवढीशी! गर्भ वाढला की ती फुटते आणि रक्त पोटातल्या पोटात साचते. बाहेर दिसतात ते थोडेसे डाग.

रुजलेल्या गर्भामुळे एचसीजी नावाचे द्रव्य रक्तात आणि तेथून लघवीत उतरते. पट्टी ओळखते ते एवढेच. गर्भ कोठे रुजला, हे तिला काय ठाऊक? म्हणून दोन रेघा आल्या तरी सारे ठीक आहे असे नव्हे. उलट नलिकेतल्या गर्भात हे द्रव्य पुष्कळदा कमी असते. त्यात लघवी पातळ असली तर दुसरी रेघ उमटतही नाही. मग बाई म्हणते, "पाळीच आली, जरा उशिरा," आणि दुखणे अंगावर काढते.

डॉक्टर रक्तातले एचसीजी मोजतात व ४८ तासांनी पुन्हा मोजतात. निकोप गर्भात ते बहुधा दीडपट किंवा अधिक होते. नलिकेतल्या गर्भात पुष्कळदा रेंगाळते. जोडीला सोनोग्राफी करतात. लवकर कळले तर कित्येकदा औषधावर भागते. नलिका फुटली तर मात्र शस्त्रक्रियेवाचून उपाय नाही. इंग्लंडात लॉसन टेट यांनी १८८३ साली अशी शस्त्रक्रिया करून रोगी वाचवला, तेव्हापासून ही वाट खुली आहे.

तेव्हा पाळी चुकली असेल, ओटीपोटात एका बाजूला दुखत असेल, डाग जात असतील, तर पट्टी काही म्हणो, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. घेरी आली, खांद्याच्या टोकाशी कळ आली, तर दुसऱ्या तपासणीची वाट पाहू नका; १०८ ला फोन करून शस्त्रक्रियेची सोय असलेले रुग्णालय गाठा. "माझे ऑपरेशन झालंय, दिवस जातील कसे?" असेही म्हणू नका. कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेनंतर क्वचित दिवस गेलेच, तर गर्भ नलिकेत असण्याचा संभव अधिक असतो.

शिक्षक बंधुभगिनींनी एवढे पालकसभेत जरूर सांगावे.