वस्तूला वाचा देणारा माणूस

(कुरखेडा येथे शिक्षक, पालक आणि कार्यकर्ते यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयाला विदर्भातील सामान्य माणूस त्याच्या अधिकृत नावाने क्वचितच ओळखतो. १८६३ साली, सर रिचर्ड टेंपल मध्य प्रांताचे मुख्य आयुक्त असताना स्थापन झालेले हे संग्रहालय आपल्यासाठी ‘अजब बंगला’ आहे. कोलकात्यात १८१४ साली स्थापन झालेल्या संग्रहालयालाही तेथील लोक ‘जादूघर’ म्हणत आले. ही नावे लोकांनी दिली आणि ती मोठी प्रामाणिक आहेत. आपण गेलो, काही अजब पाहिले आणि परत आलो, एवढाच त्यांचा अर्थ आहे. विस्मय वाटणे वाईट नाही. ज्ञानाची सुरुवात तेथूनच होते. परंतु शाळेची सहल एका तासात सारी दालने पार करून बाहेर पडते, तेव्हा मुलाच्या हाती त्या विस्मयापलीकडे काय लागते? दगडाची मूर्ती दिसते. ती कोणाची, कोणी घडविली, कोठून आली आणि माझा तिच्याशी काय संबंध, हे सांगणारा कोणी जवळ नसतो.

हा प्रश्न केवळ आपल्यापुढे नाही. अमेरिकेतील बोस्टनच्या कलासंग्रहालयाला तो शंभर वर्षांपूर्वी जाणवला. १९०७ साली त्या संग्रहालयाने प्रेक्षकांबरोबर दालनांत फिरून वस्तू समजावून सांगणारे मार्गदर्शक नेमण्यास प्रारंभ केला. पुढे १९१७ साली त्याच संग्रहालयात भारतीय कलेचा विभाग डॉ. आनंद कुमारस्वामी यांच्या हाती आला. कोलंबोत जन्मलेल्या या तामिळ वंशाच्या विद्वानाने १९४७ साली मृत्यू येईपर्यंत तीस वर्षे आपल्या मूर्तींचा अर्थ पाश्चात्त्यांना समजावून दिला. संग्रहालयाचे खरे काम शिक्षणाचे आहे, असे त्यांचे आग्रहाचे प्रतिपादन होते. काचेच्या कपाटातील बहुतेक वस्तू संग्रहालयासाठी घडविलेल्याच नव्हत्या. मूर्ती पूजेसाठी होती, घट पाण्यासाठी होता. वस्तू तिच्या जागेवरून उचलली की तिचा अर्थ मागे राहतो. तो अर्थ तिच्याजवळ परत आणून देण्याचे काम व्याख्यानाने, वर्गाने आणि प्रात्यक्षिकानेच होऊ शकते.

आपल्या परंपरेला ही कल्पना परकी आहे काय? मुळीच नाही. कीर्तनकार पूर्वरंगात एक पद घेतो आणि तासभर त्याचा पदर न् पदर उलगडून दाखवितो. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळीचे चित्रकथी तर कागदावरची चित्रे एकामागून एक श्रोत्यांपुढे धरून रामायण-महाभारतातील कथा सांगत आले आहेत. एका हाती चित्र आणि मुखी कथा, अशी ती पद्धत आहे. आज मोठमोठी संग्रहालये ज्याला दालनातील व्याख्यान म्हणतात, ते ठाकर समाजातील या कलावंतांनी देवळाच्या अंगणात पूर्वीपासून केले आहे. त्याच पिंगुळीत परशुराम गंगावणे यांनी २००६ साली आपल्या गुरांच्या गोठ्यात ‘ठाकर आदिवासी कला आंगण’ हे संग्रहालय उभे केले. चित्रे, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या छायाबाहुल्या तेथे नुसत्या टांगून ठेवलेल्या नाहीत. घरातील माणसे त्या हाती घेऊन खेळ करून दाखवितात. २०२१ साली भारत सरकारने गंगावणे यांना ‘पद्मश्री’ने गौरविले. संग्रहालयाला भव्य वास्तू लागते, हा आपला समज त्या गोठ्याने खोटा ठरविला आहे.

मोठ्या संग्रहालयांनीही आता उंबरठा ओलांडला आहे. मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय १९२२ साली लोकांसाठी खुले झाले. जवळजवळ शतकभर लोक त्याच्याकडे जात राहिले. २०१५ साली त्याने एक बस सजविली, तीत प्रदर्शन मांडले, समजावून सांगणारे तरुण बरोबर दिले आणि ती गावोगावच्या शाळांकडे धाडली. हे ‘फिरते संग्रहालय’ आपणास एक गोष्ट शिकविते. वस्तू महत्त्वाची खरीच, पण तिच्याशेजारी उभा राहून बोलणारा माणूस तितकाच महत्त्वाचा.

आता कोणी म्हणेल, “हे सारे मुंबईकरांना शोभते. कुरखेड्यात पावसाळ्यात नाले भरून वाहू लागले की रस्ते बंद पडतात, दवाखान्यासाठी दूर जावे लागते, तरुणांना काम नाही. येथे कलेची चर्चा कशासाठी?” आक्षेप रास्त आहे आणि तो टाळून पुढे जाणे योग्य नाही. रस्ता, दवाखाना आणि रोजगार यांची गरज प्रथम आहे, याविषयी दुमत नाही. परंतु ती पूर्ण होण्याची वाट पाहात असताना दुसरे काही हातचे निसटत आहे, याकडेही पाहिले पाहिजे. आजीचा पितळी गुंड भंगारात वजनावर जातो. धान मोजण्याची पायली आणि कुडव अडगळीत पडतात. कणगी विणणारा, ढोल मढविणारा, देवाचे लाकूडकाम करणारा म्हातारा एक दिवस जातो आणि त्याच्याबरोबर त्या वस्तूंची नावेही जातात. रस्ता दहा वर्षे उशिरा झाला तरी होईल. ही माणसे दहा वर्षे थांबणार नाहीत.

याहून मोठी हानी मनाची आहे. आपल्या मुलाला शिकविले जाते की कला म्हणजे दूरच्या शहरात, काचेआड असलेली वस्तू. मग आपल्या घरातील वस्तूची त्याला लाज वाटू लागते. वास्तविक त्याच्या अवतीभवती काय नाही? चामोर्शी तालुक्यात वैनगंगेच्या तीरावर मार्कंडा येथील मंदिरांच्या भिंती शिल्पांनी भरलेल्या आहेत. महाशिवरात्रीला हजारो लोक दर्शन घेतात. पण बाहेरच्या भिंतीवर काय कोरले आहे, ते किती जणांनी थांबून पाहिले? आरमोरी तालुक्यात वैरागडचा किल्ला आणि भंडारेश्वराचे मंदिर आहे. भामरागडकडे माडिया समाजाचे कोरीव लाकडी स्मृतिस्तंभ आहेत. धानाची कापणी आटोपली की वडशाहून निघणारी झाडीपट्टीची नाटके रात्र रात्र रंगतात. याच रंगभूमीवर आयुष्य वेचणारे डॉ. परशुराम खुणे हे याच कुरखेडा तालुक्यातील गुरनोलीचे. २०२३ साली त्यांना ‘पद्मश्री’ मिळाली. एक परशुराम पिंगुळीचा, दुसरा गुरनोलीचा. दोघांनीही आपली कला जेथे होती तेथेच उभी केली.

तेव्हा आपण काय करू शकतो? इमारतीची मागणी करण्याआधी पुढील चार गोष्टी करता येतील.

पहिली, महिन्यातून एका सायंकाळी शाळेच्या खोलीत किंवा समाजमंदिरात ‘एक वस्तू, एक वक्ता’ असा वर्ग घ्यावा. वक्ता शक्यतो ती वस्तू घडविणारा किंवा वापरणारा असावा. शिक्षकाने प्रश्न विचारावेत, मुलांनी वस्तू हाती घेऊन तिचे चित्र काढावे. कारागिराला सन्मानाने बसवावे आणि मानधनही द्यावे.

दुसरी, मुलांनी एक वही ठेवावी. वस्तूचे स्थानिक नाव, गोंडी किंवा झाडीबोलीतील शब्द, ती कोणी व कशाची बनविली, कधी वापरतात, हे तीत लिहावे. वस्तू मात्र घरच्या घरीच राहू द्यावी. देवस्थानची किंवा देवघरातील वस्तू त्या घराच्या आणि गावाच्या संमतीवाचून उघडू नये, तिचे छायाचित्रही घेऊ नये. जे सांगायचे नाही असे त्यांनी ठरविले आहे, त्याचा मान राखणे हेही शिक्षणच आहे.

तिसरी, मार्कंड्याची किंवा नागपूरची सहल काढण्यापूर्वी एक व्याख्यान आणि परतल्यावर एक चर्चा ठेवावी. तेथे शंभर मूर्तींपुढून धावण्यापेक्षा पाच मूर्तींपुढे बसावे.

चौथी गोष्ट कायद्याची आहे. १९७२ च्या पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियमानुसार शंभर वर्षांहून जुनी कलाकृती देशाबाहेर नेण्यास खासगी व्यक्तीला मनाई आहे. नांगराच्या फाळाला मूर्ती किंवा नाणी लागली तर ती विकू नयेत, घासून-पुसून रंगवू नयेत. तहसीलदारामार्फत जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे. ही साधी माहिती गावोगाव पोहोचली तरी कितीतरी ठेवा वाचेल.

१९८२ साली गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. त्याची ओळख बाहेरच्या जगाला बहुधा बंदुकीच्या बातम्यांतूनच झाली. ती बदलण्याचे काम बाहेरचे कोणी करणार नाही. आपल्या वस्तूंविषयी आपल्याच माणसांनी आपल्याच मुलांपुढे बोलू लागले पाहिजे. येथे बसलेल्या प्रत्येक शिक्षकाने आपल्या गावातील असा एक जाणकार वृद्ध शोधावा आणि येत्या महिन्यात त्याला वर्गात घेऊन यावे, एवढीच माझी विनंती आहे.