अग्नीविना अग्निबाण

(उत्सवातील बालसभेत केलेले भाषण)



तिरुवनंतपुरमात राहून रॉकेटवर बोलायचे म्हणजे काशीत जाऊन गंगेचे माहात्म्य सांगण्यासारखे आहे. समोर बसलेल्यांपैकी कित्येकांची हयात अंतराळ केंद्रात गेली. मी पडलो बँकेतला माणूस. पण गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत माझ्या नऊ वर्षांच्या नातीबरोबर मी एक रॉकेट केले, त्याची हकिगत सांगण्याची आज्ञा समितीने केली आहे.

आम्ही दोघे थुंब्याचे संग्रहालय पाहून आलो होतो. मेरी मॅग्डलीनच्या जुन्या चर्चमध्ये ते आहे. याच थुंब्याहून २१ नोव्हेंबर १९६३ रोजी भारतातले पहिले अग्निबाण उडाले. ते 'नायकी-अपाची' अमेरिकेहून आलेले होते. आपण स्वतः बनवलेले 'रोहिणी' १९६७ साली उडाले, त्याचा व्यास अवघा ७५ मिलिमीटर! पुढे घन इंधनाच्या कामात आपल्या डॉ. वसंत गोवारीकरांनी केवढी कामगिरी केली, हे या सभेला सांगायला नको.

घरी आल्यावर नात म्हणाली, "आजोबा, आपण करू या?"

बालमित्रांनो, आधी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. फटाके फोडून त्यातली दारू गोळा करायची नाही, काडेपेटीचा गूलही नाही. त्यात बोटे आणि डोळे जातात. आमच्या रॉकेटमध्ये आग नव्हतीच. होते पाणी आणि सायकलच्या पंपाची हवा.

दोन लिटरची, सोडायुक्त पेयाची प्लॅस्टिकची बाटली घ्यायची. ती दाब सोसण्यासाठीच बनवलेली असते. साध्या पाण्याची पातळ बाटली चालत नाही, आणि काचेची तर मुळीच नाही. तोंडाला घट्ट रबरी बूच आणि बुचात सायकलच्या ट्यूबचा वॉल्व. हे भोक आम्ही सायकलवाल्याकडून पाडून घेतले. पुठ्ठ्याचे तीन पंख चिकटवले. बाटलीत थोडे पाणी, बाटली उलटी स्टँडवर, लांब नळीचा पंप, आणि सगळे दूर. हवेचा दाब वाढला की बूच निसटते, पाणी जोराने खाली फेकले जाते आणि बाटली वर जाते. न्यूटनचा तिसरा नियम तो हाच.

पहिले उड्डाण झाले. बाटली जेमतेम माणूसभर उंच गेली, हवेत दोन कोलांट्या घेतल्या आणि शेजारच्यांच्या केळीत पडली. पोरीचा चेहरा उतरला. म्हणाली, "आजोबा, आता तुम्हीच करा. मला नाही जमत."

मंडळी, माझ्या मते सगळ्या खटाटोपातला महत्त्वाचा क्षण हा. मी हात घातला असता तर रॉकेट कदाचित त्याच संध्याकाळी उडाले असते, पण ते माझे झाले असते. मी तिला फक्त एक दोरा दिला आणि म्हटले, "ही रिकामी बाटली दोऱ्यावर आडवी, समतोल राहील अशी बांध आणि गरागरा फिरव. नाक पुढे राहते का बघ." फिरवली, तर शेपूट पुढे! तिने स्वतःच विचारले, "नाक जड केले तर?" घरात गणपतीच्या वेळची शाडूची माती उरली होती. तिचा ओला गोळा नाकाशी बसला, त्यावर कोणाला लागू नये म्हणून स्पंजचा जाड तुकडा. पंख थोडे मोठे झाले. आता दोऱ्यावर फिरवताना नाक पुढे राहू लागले. वजनाचा मध्य पुढे आणि वाऱ्याच्या दाबाचा मध्य मागे असावा, हा मोठ्या रॉकेटांचाही नियम तिला असा सापडला.

मग प्रश्न आला, पाणी किती? एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि वहीत लिहायचे, असे ठरले. पाणी नसताना बाटली फट् करून थोडीशीच उडाली, कारण खाली फेकायला वजनच नाही. पाऊण बाटली भरली तर जड होऊन लगेच पडली, कारण दाबलेल्या हवेला जागाच उरली नाही. एक तृतीयांश पाण्याला मात्र ती सरळ नारळाच्या वर गेली! तीस मीटरवर उभे राहून, कोनमापकाला ओळंबा बांधून आम्ही कोन मोजला. आला ३५ अंश. आलेखाच्या कागदावर तिने त्रिकोण काढला. उंची २१ मीटर, अधिक तिच्या डोळ्यांची उंची एक मीटर, म्हणजे २२. ही बेरीज तिला कोणी घोकून घ्यायला लावली नाही.

आपली मुले मातृभूमीपासून दूर, तीन-चार भाषांत वाढत आहेत. अभ्यासात ती हुशार आहेतच. पण पडलेली वस्तू उचलून "का पडली?" असे विचारण्याची सवय गुणपत्रिकेत दिसत नाही. ती लागते अशा खेळातून, आणि मोठ्यांनी हात आवरला तरच.

समितीला माझी विनंती आहे. श्लोकपठण आणि चित्रकलेच्या जोडीला पुढच्या वर्षी पाण्याच्या रॉकेटची स्पर्धा ठेवावी. अट एकच. दाब आणि अंतर यांवर पालकांनी डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावे, बाकी रॉकेटला हात लावू नये. बक्षीस सर्वांत उंच उडवणाऱ्याला जरूर द्या, पण एक बक्षीस वही नीट लिहिणाऱ्यालाही असू द्या.

 गणपती बाप्पा मोरया!