एकटा बैल विकत घेऊ नका

ज्यांच्या शेडमध्ये जुनी पंधराशेची कॉन्टेसा उभी आहे आणि तिला पाच गिअरची पेटी बसवायचं ज्यांच्या मनात घोळतंय, त्यांच्यासाठी आजचं बोलणं आहे. बाकीच्यांनी ऐकलं तरी बिघडत नाही. असला नाद असलेला एखादा पुतण्या नाहीतर भाचा प्रत्येक घरात असतोच.

गाडी तुम्हाला माहीत आहे. १९८४ साली हिंदुस्थान मोटर्सनं काढली, २००२ मध्ये बंद केली. बॉडी व्हॉक्सहॉल व्हिक्टरची, इंजिन मात्र आपल्या अ‍ॅम्बॅसेडरचं. १४८९ सीसी, ताकद पन्नास घोड्यांच्या आसपास, गिअर चार, आणि वजन टनाच्या वर. दिसायला पैलवान, चढाला दमणार. पुढे इसुझूचं १८१७ सीसीचं इंजिन आलं, त्याच्या मागे पाच गिअरची पेटी आली, आणि गाडी खरी पळायला लागली. तेव्हापासून पंधराशेवाल्यांना वाटत आलंय, की नुसती ती पेटी मिळाली तर आपलं काम होईल.

पेटी मिळते. अ‍ॅम्बॅसेडरच्या अठराशेलाही हेच इसुझूचं इंजिन होतं, त्यामुळे कुर्ल्याच्या जुन्या सामानाच्या बाजारात आजही शोधणाऱ्याला सापडते. किंमतही परवडते. आणि इथंच माझं सांगणं आहे, ते नीट ऐका: पेटी एकटी घेऊ नका.

पुसेगावच्या यात्रेतला बैलबाजार तुम्ही पाहिलाय. शहाणा शेतकरी तिथं खिल्लाराची जोडी बघतो. एकच बैल घ्यायचा झाला, तर घरच्या बैलाची उंची, चाल, खांदा, सगळं डोक्यात धरून जातो. का? कारण दोघांना एका जुवाखाली चालायचंय. एक उंच, एक बुटका असला की जू तिरकं होतं, सगळा भार एकाच्या मानेवर येतो, आणि चार दिवसांत त्याची खांद सुजते. बैल दोन्ही चांगलेच असतात, जोडी वाईट असते.

इंजिन आणि गिअरबॉक्सचं तेच आहे. दोघांच्या मधलं जू म्हणजे बेल हाऊसिंग. इसुझूच्या पेटीचं बेल हाऊसिंग इसुझूच्या इंजिनाच्या पाठीला बेतलेलं. ते पंधराशेच्या पाठीला लागेल, असं धरून चालू नका. मग टर्नरकडं जाऊन मधे घालायची प्लेट कातून घ्यायची. आपल्याकडं, ओगलेवाडीला म्हणा, कोल्हापूरच्या उद्यमनगरात म्हणा, हात असलेले टर्नर आहेत, त्याबद्दल शंका नाही. पण प्लेट कातली म्हणजे झालं नाही. इंजिनाच्या क्रँकचा मध्य आणि पेटीच्या इनपुट शाफ्टचा मध्य एका रेषेत यावा लागतो. तो आलाय का, हे डोळ्याला कळत नाही. त्यासाठी फ्लायव्हीलवर डायल गेज बसवायचा, त्याचं टोक बेल हाऊसिंगच्या भोकाच्या आतल्या कडेला टेकवायचं आणि क्रँक हातानं सावकाश एक फेरा फिरवायची. काटा सव्वा दशांश मिलिमीटरच्या पलीकडं हलला, तर काम परत लेथवर. हे न करता बोल्ट आवळले की गाडी चालते हो! पहिले काही दिवस छान चालते. मग क्लच सोडताना थरथर, मग इनपुटच्या बेअरिंगचा आवाज, मग तुम्ही म्हणणार, कुर्ल्याच्या माणसानं फसवलं. त्या बिचाऱ्यानं बैल चांगला दिला होता.

जुवाबरोबर शिवळा आणि जोती लागतात, ती पोरं मोजतच नाहीत. क्लच प्लेटच्या मधले दात पेटीच्या शाफ्टशी जुळायला हवेत आणि तिचा व्यास प्रेशर प्लेटशी. क्रँकच्या टोकातलं छोटं पायलट बेअरिंग नव्या शाफ्टच्या मापाचं हवं. मागचा क्रॉस मेंबर सरकवायचा. प्रोपेलर शाफ्ट पेटीच्या लांबीप्रमाणे कापून, जोडून, बॅलन्स करून घ्यायचा, नाहीतर ठरावीक वेगाला अख्खी गाडी घुमायला लागते. गिअरचा दांडा गाडीच्या तळातल्या बोगद्याच्या भोकात येतो का, स्पीडोमीटरची केबल बसते का, क्लच ढकलायची तऱ्हा तीच आहे का, हे वेगळंच. स्वस्तातली पेटी अशी महाग होते. म्हणून परत सांगतो, पेटी एकटी घेऊ नका.

आता तुम्ही विचाराल, एवढं करून पाचवा गिअर देतो काय? जुन्या पेटीत चौथा गिअर सरळ असतो, इंजिनाचा एक फेरा म्हणजे शाफ्टचा एक फेरा. पाचवा त्याच्या पुढचा. समजा त्याचं प्रमाण ०.८५ आहे, तर चौथ्यात ज्या वेगाला इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत होतं, तिथं पाचव्यात २५५० घेईल. आवाज कमी, पेट्रोल कमी. कऱ्हाडहून कोल्हापूरला हायवेनं जाताना हे सुख खरं आहे. पण ताकद एका घोड्यानंही वाढत नाही. पुण्याहून येताना खंबाटकीला, चिपळूणहून येताना कुंभार्लीला पंधराशेचं इंजिन पाचव्यात ओढणार नाही, तुम्ही तिसऱ्यावरच असणार. ज्याला पळणारी गाडी हवी, त्यानं नुसत्या पेटीवर पैसे घालणं म्हणजे… असो, वेळ थोडा आहे.

मग बजेटातला मार्ग कोणता? माझ्या मते दोनच. पंधराशेचं इंजिन ठेवायचं असेल, तर चार गिअरचीच पेटी उघडा. बेअरिंगं, सिंक्रोच्या रिंगा, ऑइल सील नवीन घाला. जुनी जोडी आहे, एकमेकांची चाल ओळखते. तिला खुराक द्या. नाहीतर अठराशेचं इंजिन, फ्लायव्हील, क्लच आणि पेटी एकाच गाडीतून उतरलेली, एकमेकांना जोडलेली, अशी जोडीच आणा. इंजिनाचे माउंटिंग करावे लागतील, खर्च एकदम होईल, पण प्लेट आणि जुळवाजुळव वाचेल.

मात्र इथं कागद आले. गिअरबॉक्सचा नंबर आरसीवर नसतो, इंजिनाचा असतो आणि सीसीही असतात. इंजिन बदललं की गाडी आरसीशी जुळत नाही, आणि मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम नेमकं त्याच्यावर बोट ठेवतं. एमएच ५० वाल्यांनी आपल्या कऱ्हाडच्या परिवहन कार्यालयात आधी लेखी विचारावं. इंजिन उतरवल्यावर नव्हे, आधी! आणि इंजिन ज्या गाडीचं, तिचे कागद आणि खरेदीची पावती हातात घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.

पेटी तपासायची कशी, हे मोठं प्रकरण आहे, त्यातलं एकच सांगतो. बैलाचे दात बघता तसे हिचे बघा. खालचा बोल्ट काढून तेल पांढऱ्या फडक्यावर घ्या आणि त्यावरून लोहचुंबक फिरवा. पिवळी बारीक पूड चुंबकाला लागत नाही, ती सिंक्रोच्या पितळी रिंगांची, थोडी असायचीच. चुंबकाला कण्या चिकटल्या, तर गिअरचे दात किंवा बेअरिंग गेलंय. तिथून उठा. डिफरन्शियलचं प्रमाण हा खरं तर पेटीच्या आधी विचारायचा प्रश्न, पण स्टुडिओच्या काचेपलीकडून साहेब घड्याळ दाखवतायत, तो राहिला.

तेवढ्यात शेवटचं. बाजारात पेटीसमोर उभे राहिलात, की दुकानदाराला भाव विचारायच्या आधी विचारा, हिचं इंजिन कुठाय? ते तिथंच असलं, तर पुढं बोला. नसलं, तर चहा प्या आणि कऱ्हाडची एसटी धरा.