न उघडणाऱ्या फायली



उपनगरात राहून मराठीत लिहिणाऱ्या बाईचा दिवस नळाला पाणी येतं तेव्हा सुरू होतो. मुलुंडला आमच्या इमारतीत पाणी पहाटे येतं. ते भरून झालं, चहा झाला, की घर जागं होईपर्यंतचा वेळ माझा. जे काही नवं लिहायचं ते तेव्हाच. नऊच्या पुढे समोरच्या प्लॉटवर पायलिंगचं मशीन सुरू होतं आणि खिडकीच्या काचा हादरायला लागतात. मग दुपारभर मी प्रुफं तपासते, संपादकांच्या मेलना उत्तरं देते. जुलै-ऑगस्टात ही कामं अंगावर येतात, कारण दिवाळी अंकाचा मजकूर गणपतीच्या आसपास हातावेगळा करायचा असतो. १९०९ साली का. र. मित्रांनी ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी लेखकाचं वर्ष असंच चालत आलं आहे.

संध्याकाळी मी टीव्ही बघते. रोज बघते, आणि कान देऊन बघते. लेखकाने टीव्ही बघणं म्हणजे वेळ दवडणं, असं आमच्यातले बरेच जण म्हणतात. मला ते पटत नाही. आज मराठी माणूस सगळ्यात जास्त मराठी कुठे ऐकतो, तर मालिकेत. माझी सासू, खालची किराणावाल्याची बायको, लोकलमधली माझी मैत्रीण, या तिघींना रात्रीच्या मालिकेतला संवाद दुसऱ्या दिवशी पाठ असतो. तो संवाद लिहिणारं माणूसही बहुधा याच उपनगरांत, गोरेगाव, मालाड किंवा कांदिवलीत राहत असतं. चित्रीकरण चित्रनगरीत, मढला, नाहीतर घोडबंदरला चालू असतं, आणि उद्याचा प्रवेश आज रात्री फोनवरून सेटवर जातो. आठवड्याचे पाच-सहा दिवस, रोजचा वीस-बावीस मिनिटांचा भाग. दोन वर्षं मालिका चालली तर त्या लेखकाने एखाद्या कादंबरीकाराच्या आयुष्यभराच्या कामाएवढी पानं लिहिलेली असतात. १९९९ साली ‘अल्फा मराठी’ सुरू झाली, ‘आभाळमाया’ आली, तेव्हापासून ही पानं साचत आहेत. साचत आहेत असं मी म्हणते खरं, पण कुठे साचत आहेत? छापलेली नाहीत, ग्रंथालयात नाहीत. ती कुणाच्या तरी संगणकात असतील. आज मला या संगणकांतल्या मराठीबद्दल बोलायचं आहे.

आधी टीव्हीचीच एक जुनी गोष्ट. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. वरळीहून निघालेलं चित्र मुलुंड-बोरिवलीच्या गच्च्यांवरचे अँटेना झेलायचे, आणि वाऱ्याने अँटेना जरा फिरला की पडद्यावर मुंग्या यायच्या. त्या मुंग्यांतून आम्ही विनायक चासकरांचा ‘गजरा’ पाहिला, दिलीप प्रभावळकरांचा चिमणराव आणि बाळ कर्व्यांचा गुंड्याभाऊ पाहिला. बातम्या द्यायला अनंत भावे असायचे, म्हणजे मुलांसाठी कविता लिहिणारा कवीच बातम्या वाचत असे. ‘प्रतिभा आणि प्रतिमा’मध्ये लेखक येऊन बोलत. माझ्या पिढीने कितीतरी लेखकांचा चेहरा आणि आवाज पहिल्यांदा तिथे अनुभवला.

त्यातलं पुष्कळ आज उरलेलं नाही. त्या काळी व्हिडिओ टेप महाग होती, कार्यक्रम होऊन गेला की पुसून पुन्हा वापरली जाई. हे फक्त आपल्याकडेच झालं असं नाही. बीबीसीनेसुद्धा साठ-सत्तरच्या दशकांतले असंख्य कार्यक्रम पुसले. ‘डॉक्टर हू’ ही त्यांची एवढी लोकप्रिय मालिका, पण तिचे नव्वदहून अधिक भाग हरवले. त्यातले नऊ भाग पूर्वीच नायजेरियातल्या जोस या गावच्या दूरचित्रवाणी केंद्रात सापडले होते, ते २०१३ साली लोकांसमोर आले. बाकीच्या सगळ्या हरवलेल्या भागांचा निदान आवाज राहिला, तो प्रेक्षकांनी घरी टेपरेकॉर्डर लावून ठेवला होता म्हणून. संस्थेने टाकलेलं घरोघरच्या माणसांनी जपलं. हे मला फार मोलाचं वाटतं. सह्याद्री वाहिनी आता यूट्यूबवर जुने कार्यक्रम दाखवते, त्यातलं जे हाती लागतं ते मी पुन्हा पुन्हा बघते. जे नाही ते मुंबईतल्या कुणाच्या तरी माळ्यावर कॅसेटमध्ये असेल, अशी माझी आशा आहे.

आता संगणकाकडे येते.

नव्वदच्या दशकात मराठी छपाई खिळे सोडून डीटीपीवर गेली. श्रीलिपी, आकृती, सीडॅकचं आयएसएम अशी सॉफ्टवेअर आली. त्यांनी मराठी छपाईचं केवढं तरी काम सोपं केलं, पण त्यात एक मेख होती. संगणक अक्षरं ओळखत नाही, आकडे ओळखतो. रोमन ‘ए’साठी त्याच्याकडे ६५ हा आकडा ठरलेला होता, मराठी अक्षरांसाठी बाजारातल्या संगणकांवर सोयीचे आकडे नव्हते. म्हणून फॉन्ट करणाऱ्यांनी रोमन अक्षरांच्याच जागांवर आपले काने, मात्रा, वेलांट्या, अर्धी अक्षरं बसवली. पडद्यावर मराठी दिसे, पण फायलीच्या पोटात रोमन अक्षरंच असत. तो फॉन्ट असेल तोवर मराठी, फॉन्ट गेला की रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी. आणि प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी, त्यामुळे एकीकडची फाईल दुसरीकडे उघडली की तीच खिचडी. वर डोंगल असे. काडेपेटीएवढं हे कुलूप संगणकाच्या मागे, प्रिंटरच्या पंचवीस पिनांच्या खाचेत बसवायचं. ते नसेल तर सॉफ्टवेअर चालत नसे. पुढे नव्या संगणकांतून ती खाचच गेली. कुलूप हातात राहिलं आणि ते लावायला जागा उरली नाही.

ही गाठ युनिकोडने सोडवली. जगातल्या लिप्यांतल्या प्रत्येक अक्षराला एक आकडा, आणि तो सगळीकडे सारखा. आपल्या ‘क’ला २३२५ मिळाला. ‘क’ मुलुंडमध्ये टंकला काय आणि टोरांटोत काय, आकडा तोच. विंडोज २००० मध्ये युनिकोडचा देवनागरी फॉन्ट आला, त्याचं नाव मंगल. हा फॉन्ट काढणारा माणूस मराठी कवी होता आणि त्याचं काम आपल्याच उपनगरांत झालं, हे मी जिथे जाते तिथे सांगते. र. कृ. जोशी. पवईच्या आयआयटीत त्यांनी अक्षरकला शिकवली, नंतर जुहूला एनसीएसटी या संस्थेत भारतीय लिप्यांच्या फॉन्टवर काम केलं. अक्षरांच्याच आकारातून चित्र उभं राहील अशा कविता त्यांनी लिहिल्या, आणि जाहिरातीच्या धंद्यातही नाव कमावलं. २००८ मध्ये ते गेले. आपण सरकारी पत्र वाचतो, मुलाचा निकाल बघतो, तेव्हा पुष्कळदा त्यांच्याच हाताची वळणं वाचत असतो. मराठी साहित्याच्या इतिहासात त्यांच्यासाठी एक वेगळं पान असायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

म्हणजे नव्याचा प्रश्न सुटला. जुन्याचं काय? १९५० साली शाईने लिहिलेली वही मी आजही वाचू शकते, पण १९९८ सालची मराठी फाईल उघडत नाही. मराठीतल्या सगळ्या लेखनात साधारण १९९० ते २००८ या काळातलं संगणकावरचं लेखन सर्वांत धोक्यात आहे. पुस्तकं छापली ती टिकली. पण संस्थांची इतिवृत्तं, एकांकिकांच्या संहिता, अर्धवट कादंबऱ्या, मालिकांचे भाग, कुणा आजोबांनी हौसेने लिहून ठेवलेला कुळाचा वृत्तांत, हे सगळं फ्लॉपीत आणि सीडीत पडून आहे. त्यात मुंबईचा पाऊस. ओल्या हवेने फ्लॉपीला आणि व्हीएचएस कॅसेटला बुरशी धरते. कॅसेट उजेडात धरली तर खिडकीतून टेपच्या कडेला पांढरे ठिपके दिसतात. तशीच ती व्हीसीआरमध्ये घातली तर बुरशी हेडवर जाते आणि पुढची कॅसेटही खराब होते. सुकी हवा आणि हलक्या हाताची सफाई, एवढाच त्यावर उपाय आहे.

भांडुपला एक बाई आहेत, माझ्याहून वयाने बऱ्याच लहान, मला काकू म्हणतात. घरी बसून डीटीपी करतात. आपल्या उपनगरांत अशा पुष्कळ बायका आहेत आणि मराठी प्रकाशनाचा मोठा भार त्यांच्या बोटांवर आहे. या बाईंनी आपला जुना, विंडोज ९८ चा संगणक अजून मोडीत काढलेला नाही. मागे डोंगल लावलेलं, वर कापड घातलेलं. माझ्या जुन्या कथांच्या फायली त्यांनी तिथे उघडल्या आणि कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणल्या. बटण दाबलं की काम झालं, असं ते नसतं. जुन्या पद्धतीत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टंकायची, युनिकोडमध्ये अक्षर आधी आणि वेलांटी नंतर. कन्व्हर्टर चुकला की वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाऊन बसते. रफार एक घर पुढे सरकतो. ‘दुसऱ्या’मधला र रफार होऊन ‘दुसर्या’ होतो. ‘ॲ’च्या जागी प्रश्नचिन्ह येतं. म्हणून छापील पान शेजारी ठेवून बाई ओळ न् ओळ मोठ्याने वाचतात आणि मी पानावर बोट ठेवून ऐकते. एका संध्याकाळी त्या वाचता वाचता थांबल्या आणि म्हणाल्या, “काकू, इथे काहीतरी वाक्य गेलंय.” पानावर बघितलं तर खरंच दोन ओळी गळल्या होत्या. अर्थ तुटला हे त्यांना कानाने कळलं. ते काम कुठलंही यंत्र करत नव्हतं.

आता माझा खरा घोर सांगते. मुलुंड, घाटकोपर, बोरिवली, अंधेरी, सगळीकडे साठ-सत्तरच्या दशकांतल्या इमारती पुनर्विकासाला जात आहेत. माणसं दोन-तीन वर्षांसाठी भाड्याच्या घरात जातात, तिथे जागा कमी. मग माळे रिकामे होतात. वह्या निदान दिसतात, त्यातलं अक्षर ओळखीचं असतं, कुणीतरी म्हणतं, “अगं, हे बाबांचं आहे, राहू दे.” पण फ्लॉपीवर काही दिसत नाही. बंद पडलेल्या संगणकात काय आहे हे बाहेरून कळत नाही. भंगारवाला तो वजनावर नेतो. समोरच्या प्लॉटवरची इमारत रिकामी झाली तेव्हा फाटकापाशी मॉनिटर, कीबोर्ड आणि कॅसेटचा ढीग लागला होता, तो मी डोळ्यांनी पाहिला. त्यात कुणाचं काय गेलं, ते आता कधीच कळणार नाही.

म्हणून श्रोतेहो, घर रिकामं करायची वेळ आली तर संगणक देण्याआधी त्यातली हार्ड डिस्क काढून घ्या. नेहमीच्या दुरुस्तीवाल्याला सांगितलंत तर तो चार स्क्रू काढून देईल. फाईल उघडली आणि खिचडी दिसली तरी पुसू नका, ती बहुतेक मराठीच असते. फायलीसोबत फॉन्टचं नाव कुठे सापडलं तर लिहून ठेवा, पुढचं काम निम्मं होतं. युनिकोडमध्ये आणल्यावर एक प्रत घरी ठेवा, एक दुसऱ्या गावी राहणाऱ्या नातेवाइकाकडे द्या. २००५ च्या २६ जुलैला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा तळमजल्यावरच्या घरांत मूळ आणि प्रत दोन्ही एकाच पाण्यात गेली होती. जे फार महत्त्वाचं असेल ते चांगल्या कागदावर छापूनही ठेवा.

आणि एक विनंती आपल्या ग्रंथालयांना. मुलुंडचा महाराष्ट्र सेवा संघ, १९२३ पासून काम करणारा पार्ल्याचा लोकमान्य सेवा संघ, या संस्थांवर आपल्या लोकांचा विश्वास आहे. त्यांनी एका कोपऱ्यात एक जुना चालू संगणक, एक फ्लॉपी ड्राईव्ह आणि एक व्हीसीआर ठेवावा, आणि भांडुपच्या बाईंसारख्या जाणत्या माणसाला योग्य मोबदला देऊन ठराविक दिवशी बसवावं. लोक पिशवीतून आपला ठेवा घेऊन येतील. जुन्या सॉफ्टवेअरवर हात बसलेली माणसं आज हयात आहेत, कामं करत आहेत, तोवरच हे होऊ शकतं.

यंदाच्या पावसाआधी आपापला माळा एकदा बघून घ्या, एवढंच माझं मागणं आहे.